विज्ञान-चित्रकथेचं पुस्तक : आधी डमी, मग छपाई

हॉवर्ड टेलर या अमेरिकी चित्रकाराची ‘श्लॉक मर्सिनरी’ ही भाडोत्री अंतराळसैनिकांची विनोदी चित्रकथा १२ जून २००० रोजी इंटरनेटवर सुरू झाली आणि २४ जुलै २०२० रोजी संपली. मधल्या वीस वर्षांत रोज एक चित्रपट्टी, खाडा एकही नाही. म्हणजे सात हजार तीनशेहून जास्त पट्ट्या. २००६ साली टेलरनी या मालिकेचं पहिलं छापील पुस्तक काढलं. ‘अंडर न्यू मॅनेजमेंट’ हे त्याचं नाव, आणि गंमत अशी की कथेच्या क्रमानं ते तिसरं होतं. कथेचा आरंभ असलेलं ‘द टब ऑफ हॅपिनेस’ आलं ते २००७ मध्ये.

तिसऱ्या खंडापासून सुरुवात करण्यात व्यवहार होता. मालिकेच्या पहिल्या वर्षातल्या पट्ट्या पाहिल्या की चित्रकाराचा हात अजून बसलेला नाही हे कुणालाही कळतं. फुकट वाचणारा वाचक तेवढं चालवून घेतो, कारण पुढे गाडी रुळावर येणार हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तसं सांगणारा कुणी नसतो. तो मधलं एखादं पान उघडतो, दोन चौकटी पाहतो आणि पुस्तक विकत घ्यायचं की परत फळीवर ठेवायचं ते ठरवतो.

तेव्हा इंटरनेटवर विज्ञान-चित्रकथा चालवणाऱ्यानं पुस्तकाचा विचार सुरू करताना मुद्रकाकडे जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं : कथेशी काहीच ओळख नसलेला माणूस यात कुठून शिरू शकेल? ती जागा पहिल्या भागातच असेल असं नाही. जिथे नवं पात्र यानावर येतं आणि त्याला सगळं समजावून सांगावं लागतं, जिथे जुनी मोहीम संपून नवी सुरू होते, तिथे दार आपोआप उघडं असतं. शेवटही तसाच हवा. पुस्तकाला स्वतःचा शेवट लागतो. ‘क्रमशः’वर संपलेल्या पहिल्या खंडाचा दुसरा खंड निघेलच याची खात्री वाचकाला नसते, आणि खरं सांगायचं तर लेखकालाही नसते.

टिली वॉल्डन यांच्या ‘ऑन अ सनबीम’ची गोष्ट वेगळी. माशाच्या आकाराच्या यानातून फिरणाऱ्या, पडझड झालेल्या वास्तू दुरुस्त करणाऱ्या चमूची ही कथा २०१६-१७ मध्ये प्रकरणाप्रकरणानं इंटरनेटवर आली आणि २०१८ मध्ये ‘फर्स्ट सेकंड’ या प्रकाशनानं ती पाचशेहून अधिक पानांच्या एकाच जाडजूड खंडात छापली. तिथे कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच नव्हता. कथा संपलेली होती, आणि भूतकाळ व वर्तमानकाळ वेगवेगळ्या रंगछटांत दाखवण्याची पद्धत पहिल्यापासून ठरलेली होती. ज्याची कथा अशी आटोपशीर आणि पूर्ण झालेली आहे, त्यानं तिचे तुकडे करण्याच्या भानगडीत पडू नये.

जुनी चित्रं पुन्हा काढावीत का? हा मोह प्रत्येकाला होतो. दहा-बारा चौकटी सुधारायला हरकत नाही, पण अख्खं वर्ष पुन्हा काढायला बसलेला चित्रकार पुस्तकही काढत नाही आणि पुढची कथाही लिहीत नाही. अक्षरं मात्र जरूर नव्यानं बसवावीत. कच्चं चित्र आणि नीटनेटकी अक्षरं हे मिश्रण वाचकाला फारसं खटकत नाही, उलट प्रकार खटकतो.

आता डमी, म्हणजे पुस्तकाचा हातानं बनवलेला कोरा नमुना. मुद्रकाची भाषा शिकायला याहून सोपा मार्ग नाही. एक मोठा कागद घेऊन तीन वेळा घडी घातली की आठ पत्रं, म्हणजे सोळा पानं होतात. हा झाला एक फर्मा. पुस्तक पानांनी नाही, फर्म्यांनी वाढतं. समजा, चित्रकथा रोजची आहे : आठवड्याचे सहा दिवस एकओळी पट्टी आणि रविवारी मोठी. एका पानावर तीन पट्ट्या बसवल्या तर सहा दिवसांची दोन पानं आणि रविवारचं एक, अशी आठवड्याची तीन पानं झाली. वर्षाची झाली १५६. दहा फर्म्यांची १६० पानं होतात, म्हणजे हातात उरली फक्त चार. शीर्षकाचं पान, हक्क आणि श्रेयनामावलीचं पान, अर्पणपत्रिका, एक कोरं, संपलं. प्रस्तावना नाही, पात्रपरिचय नाही, इंटरनेटवर नसलेली एखादी नवी छोटी कथा नाही. आणि ज्या वाचकानं सगळं आधीच फुकट वाचलं आहे, त्याला पुस्तक विकत घ्यायला लावते ती ही नवी कथाच. मग अकरावा फर्मा घ्यावा लागतो. पानं होतात १७६ आणि मोकळी मिळतात वीस. हा हिशेब कागदावर आधी मांडला तर नवी कथा सोळा पानांची लिहायची हे ठरवता येतं. नंतर मांडला, तर एकोणीस पानांची लिहून झालेली कथा कापावी लागते.

घड्या घातलेल्या त्या डमीत प्रत्येक पानावर पेन्सिलीनं पट्टीचा क्रमांक लिहावा. लिहितानाच लक्षात येतं की रहस्याचा स्फोट उजव्या पानावर आला आहे आणि वाचकाला तो डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणार आहे. पान उलटल्यावर समोर येतं ते डावं, समसंख्येचं पान. धक्का द्यायचा तो तिथे. पडद्यावर ही अडचण नव्हती, कारण तिथे उद्याची पट्टी उद्याच दिसायची. एखादी पट्टी मागेपुढे सरकवून किंवा मध्ये यानाचं पूर्ण पानभर चित्र टाकून हे जमवता येतं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात नायकाचा चेहरा बरोबर शिवणीत जाणार नाही ना, हेही डमीतच दिसतं.

रोजच्या मालिकेत आणखी एक खोड असते. कालचं विसरलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत कुणीतरी ‘म्हणजे इंजिन बंद पडलंय तर!’ असं म्हणतं. पुस्तकात तीन ओळींत तीन वेळा इंजिन बंद पडल्याचं कळलं की वाचक वैतागतो. अशी वाक्यं बदलावीत, चित्रं तशीच ठेवून. याच फेरीत नावांचं एक टाचण करावं. विज्ञानकथेत ग्रह, यानं, यंत्रमानव, परग्रहवासी यांची नावं लेखकानंच घडवलेली असतात, त्यामुळे मुद्रितशोधकाला शब्दकोशाचा आधार नसतो. पहिल्या वर्षी ‘ध्रुव-७’ असलेलं यान तिसऱ्या वर्षी ‘ध्रुव सात’ झालेलं असतं आणि ते फक्त पुस्तकातच उघडं पडतं.

पडद्यावरच्या काही गोष्टी कागदावर येतच नाहीत. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’मध्ये चित्रावर माउस नेला की एक जादा वाक्य दिसतं; २००९ च्या ‘एक्सकेसीडी : व्हॉल्यूम झीरो’ या पुस्तकात अशी वाक्यं छापावी लागली. अँड्र्यू हसी यांची ‘होमस्टक’ (२००९ ते २०१६) तर आठ हजारांहून अधिक पानांची, आणि तिच्यात हलणारी चित्रं, संगीत, खेळ असं सगळं. ‘व्हिझ मीडिया’नं २०१८ पासून तिचे खंड काढले तेव्हा त्या हालचालींच्या जागी स्थिर चौकटी आणि सोबत लेखकाची टिपणी, एवढंच शक्य होतं. मोबाइलवर वरून खाली सरकत वाचायच्या कथेची वेगळीच पंचाईत. खोल विवरात पडणारा अंतराळवीर तिथे सलग दहा पडदे पडत राहतो; पानावर त्याला चार चौकटींत पाडावं लागतं. अशा कथेच्या पुस्तकाला मांडणी पुन्हा करण्याचे किमान काही महिने जास्त धरावेत. ज्याला पुढेमागे पुस्तक काढायचं आहे, त्यानं आजपासूनच पानाच्या चौकटीत चित्रं काढून मग ती पडद्यासाठी कापावीत. उलटा प्रवास फार महाग पडतो.

फाइलींचं गणितही निर्दय आहे. पडद्यावर झकास दिसणारी ९०० पिक्सेल रुंदीची पट्टी ३०० डीपीआयला छापली तर फक्त तीन इंच रुंद येते. सात इंचांसाठी २,१०० पिक्सेल लागतात, आणि निव्वळ काळ्या रेषांचं काम धारदार हवं असेल तर ६०० डीपीआयनं ४,२००. लहान फाइल ताणून मोठी केली तर आकडा वाढतो, धार येत नाही. मूळ फाइली नसतील तर मूळ कागद शोधून पुन्हा स्कॅन करावेत. दोन्ही नसतील तर पुस्तकाचा आकार लहान करावा, हा प्रामाणिक उपाय. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा भाग ठेवायचा, कारण कापणीचं पातं केसभर हलतं. आणि मजकूर शिवणीपासून व कडेपासून पुरेसा आत.

आणि मग काळोख. सामाजिक कथेच्या चित्रकाराला जी चिंता क्वचितच पडते ती विज्ञानकथावाल्याला पानोपानी पडते, कारण त्याची अर्धी पानं काळी असतात. नुसती काळी शाई मोठ्या जागेत छापली की ती करड्याकडे झुकते. म्हणून तिच्याखाली बाकीचे रंग देतात : सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १००, अशी बेरीज २४०. कुणी उत्साहानं चारही रंग शंभर-शंभर टक्के दिले तर बेरीज ४०० होते. एवढी शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर तिचा डाग उमटतो. आर्ट पेपरवर साधारण ३०० च्या आत राहावं, मॅपलिथोसारख्या बिनचकाकीच्या कागदावर त्याहून बरंच कमी, आणि नेमका आकडा आपल्या मुद्रकालाच विचारावा.

या काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं आली की खरी परीक्षा. ती अक्षरं पांढऱ्या शाईनं छापलेली नसतात. चारही रंगांनी तेवढी जागा कोरी सोडलेली असते. छपाईत एका रंगाचं रजिस्ट्रेशन, म्हणजे बाकीच्या रंगांशी जुळणी, किंचित हललं की कोऱ्या जागेत लाल-निळी कडा शिरते आणि ‘अवकाशस्थानक’ या शब्दातल्या बारीक रेघा बुजतात. निवेदन काळ्या आकाशात सोडायचं असेल तर अक्षर ठळक आणि मोठं हवं; नाहीतर फिकट चौकोनात काळ्या अक्षरांत द्यावं. फुग्यातला मजकूर फक्त काळ्या शाईत असावा, चार रंगांच्या मिश्रणात कधीच नाही. एक पिक्सेलचे तारे तर सरळ पुसून टाकावेत. छापल्यावर ते धुळीच्या कणांसारखे दिसतात आणि वाचक नखानं खरवडून पाहतो.

प्रकाशाचंही तसंच. लेसरची झगझगीत हिरवी रेघ, इंजिनाचा निळा-हिरवा झोत, हे आरजीबीचे रंग पडद्याच्या उजेडातून आलेले असतात. छपाईच्या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, ते मळकट होतात. भोवतालचा भाग अधिक गडद केला की फिकट झोतही उजळ भासतो. चित्रकारांची ही जुनी युक्ती इथे उपयोगी पडते. काळ्या मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन करण्याचा बेत असेल, तर एका नमुन्यावर आधी अंगठा घासून पाहावा. बोटांचे ठसे आणि ओरखडे त्यावर लगेच दिसतात.

मराठीत हे काम करणाऱ्याला अक्षरांचा निराळा त्रास आहे, जो टेलर किंवा वॉल्डन यांना नव्हता. इंग्रजी चित्रकथांतली अक्षरं बहुधा सगळी मोठ्या लिपीतली, एकाच उंचीची. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं आणि तेवढाच मजकूर फुग्यात जास्त उंची खातो. इंग्रजी पुस्तकं पाहून फुगे काढले तर ‘दुर्बिणीतून’ची वेलांटी फुग्याच्या कडेला टेकते. आधी अक्षरं बसवावीत, मग त्याभोवती फुगा काढावा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर सुरू आहे ना, हे पाहावं. नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. डीटीपीवाला युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार असेल तर ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ या जागा खास तपासाव्यात. शिवाय फॉन्टचा परवाना. वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळालेला फॉन्ट विकायच्या पुस्तकात चालतोच असं नाही.

परवान्याचा विषय निघाला आहे तर हेही : पाहुण्या चित्रकारानं मैत्रीखातर काढून दिलेली पट्टी, रंग भरणाऱ्याचं काम, सहलेखकाचे संवाद, या सगळ्यांची लेखी परवानगी हवी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मैत्री टिकवायलाही कागद बरा. नावांचीही खबरदारी घ्यावी. ‘श्लॉक मर्सिनरी’त भाडोत्री सैनिकांच्या सूत्रांचा एक ग्रंथ होता, त्याचं मूळ नाव ‘सेव्हन हॅबिट्स’ या गाजलेल्या पुस्तकाच्या नावाचं विडंबन करणारं. ट्रेडमार्कचा मुद्दा आल्यावर टेलरना ते बदलून ‘सेव्हन्टी मॅक्झिम्स’ करावं लागलं. इंटरनेटवर नाव बदलणं एका दिवसाचं काम. हजार प्रती गोदामात असताना तेच केवढ्याला पडेल, याचा विचार छापण्याआधी झालेला बरा.

पैसा कुठून आणायचा? परदेशात यासाठी किकस्टार्टरसारख्या मंचांवर लोकवर्गणी करतात. मराठी प्रकाशनात हीच गोष्ट ‘प्रकाशनपूर्व सवलत’ या नावानं कितीतरी आधीपासून चालत आली आहे : आगाऊ पैसे भरा, कमी किमतीत घ्या. प्रकार कोणताही असो, जोखीम सारखीच. रिच बर्लू यांच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ची मोहीम यासाठी अभ्यासावी. कथा विज्ञानाची नाही, जादूच्या जगाची. पण व्यवहार तोच. संपलेल्या खंडांच्या पुनर्मुद्रणासाठी त्यांनी २०१२ च्या सुरुवातीला ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले. आकडा वाढत गेला तशा वाचकांना देऊ केलेल्या जादा कथा आणि भेटवस्तूही वाढत गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्लू यांच्या हाताला मोठी दुखापत झाली आणि चित्रं काढणंच थांबलं. कबूल केलेल्या गोष्टींतल्या काही पुऱ्या व्हायला पुढे वर्षं लागली.

म्हणून भेटवस्तू कबूल करताना रुपयांबरोबर तासही मोजावेत. टेलर यांच्याकडे आगाऊ मागणी नोंदवणाऱ्याला जादा पैशांत हातानं चित्र काढलेली प्रत मिळे. कल्पना उत्तम, पण प्रत्येक चित्राला दहा मिनिटं धरली तरी सहाशे प्रतींचे शंभर तास होतात. आणि त्यांच्याकडे पुस्तकांची मांडणी, बांधाबांध, पाठवणी सांभाळायला पत्नी सँड्रा टेलर होत्या, हेही विसरू नये. एकट्या माणसानं सहाशेचा आकडा लिहिण्याआधी घरच्यांशी बोलून घ्यावं.

किती प्रती? दोन-तीनशेपर्यंत डिजिटल छपाई साधारण परवडते. ऑफसेटला प्लेटांचा खर्च आधीच असल्यानं तिचा फायदा हजाराकडे जाताना दिसू लागतो. इथे चूक होते ती दर प्रत स्वस्त पडते म्हणून दुप्पट छापण्याची. न खपलेल्या प्रती पावसाळ्यात पलंगाखाली दमट होतात, त्यांना कसर लागते, आणि त्या स्वस्त होत्या याचा आनंद राहत नाही. दुसऱ्या बाजूला, तिसरा खंड आला की नवं गिऱ्हाईक पहिला मागतं, हे बर्लू यांच्या पुनर्मुद्रणानंच दाखवलं. तेव्हा पहिल्या खंडाच्या थोड्या प्रती राखून ठेवाव्यात.

वजनाकडे कुणी पाहत नाही. क्राउन आकाराच्या, म्हणजे सव्वासात बाय साडेनऊ इंचांच्या त्या १७६ पानी पुस्तकाला १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅमचा) आर्ट पेपर वापरला तर आतल्या कागदाचंच वजन सुमारे ५१० ग्रॅम भरतं. मुखपृष्ठ आणि खोकं वेगळं. टपाल आणि कुरिअरचे दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वाढतात, म्हणजे दहा ग्रॅमसाठी पुढच्या टप्प्याचे पैसे. त्याच पुस्तकाला ९० जीएसएमचा कागद घेतला तर वजन साडेतीनशेच्या आसपास येतं, पण काळ्या पानांचं चित्र मागून दिसू लागतं. मधला कागद कोणता, हे मुद्रकाकडून कोरी बांधलेली डमी मागवून, ती घरच्या काट्यावर ठेवून आणि दिव्यासमोर धरून ठरवावं. कण्याची जाडीही त्या डमीवरच मोजावी. अंदाजानं आखलेल्या मुखपृष्ठावर नाव कण्यावरून घसरून पुढच्या बाजूला येतं.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो; राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे स्वतः प्रकाशक असलेला लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. तो मुखपृष्ठ अंतिम होण्याच्या बराच आधी करावा, कारण बारकोडची जागा मलपृष्ठावर ठेवायची असते, आणि तिथे नेमकी तेजोमेघाची सर्वांत देखणी बाजू आलेली असते. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथली नेमून दिलेली ग्रंथालयं यांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते, तीस दिवसांत. छापायच्या आकड्यात या चार प्रती धरलेल्या असाव्यात.

राहिलं प्रूफ. पडद्यावरची पीडीएफ पाहून ‘ओके’ कळवू नये. सर्वांत काळं पान, सर्वांत झगमगीत पान आणि बारीक पांढऱ्या अक्षरांचं पान, अशी तीन पानं निवडून त्यांचं प्रूफ ठरलेल्याच कागदावर मागावं आणि ते दिवसा, खिडकीपाशी पाहावं. छपाई सुरू होईल त्या दिवशी शक्य असेल तर छापखान्यात जाऊन पहिले ताव पाहावेत. मशीनवरचा माणूस शाई कमी-जास्त करू शकतो, पण फाइल बदलू शकत नाही. काम झालं की अंतिम फाइली, फॉन्ट, कागदाचं नाव, जीएसएम आणि मंजूर केलेला एक ताव असं सगळं एकाच पाकिटात ठेवून त्यावर तारीख घालावी. दोन वर्षांनी दुसऱ्या खंडाचा काळोख पहिल्याशी जुळवताना मुद्रक पहिल्यांदा हाच ताव मागतो.